न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल व यॉर्कची चाल

मंडळीच्या उपासनेत गायन बिघडले म्हणजे काय होते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्याने गीत धरावयाचे त्याने ते फार वरच्या सुरात धरले, तर दुसऱ्या कडव्यापाशी पुरुषमंडळी एकेक करून गप्प होतात, तिसऱ्यापाशी बायकांचा दम सरतो, आणि शेवटले कडवे गीत धरणारा मानेच्या शिरा ताणून एकट्यानेच तडीस नेतो. फार खालच्या सुरात धरले, तर सारी मंडळी आजारी माणसासारखी कण्हू लागते. कधी दाराशी बसलेले तरुण आपलीच चाल रेटतात, आणि मग एकाच मंदिरात एकाच गीताच्या दोन चाली, न बोलणाऱ्या दोन भावांप्रमाणे, शेजारी शेजारी चालू लागतात. याहून अवघड गोष्ट निराळीच आहे. ज्यांचा आवाज आता गेला आहे असे गीत धरणारे बहुधा मंडळीतील वडीलधारे व मानाचे गृहस्थ असतात. त्यांस आता आपण थांबावे असे सांगणार कोण? पाळक सांगत नाही, डीकन सांगत नाहीत, आणि त्यांस स्वतःस ते कळत नाही, किंवा कळूनही वळत नाही.

अशाच एका गृहस्थांचे चरित्र आज आम्ही देत आहो. ते आमच्या देशाचे नव्हते; अमेरिकेतील बोस्टन शहरी तीनशे वर्षांपूर्वी होऊन गेले. तथापि बोस्टन हे नाव आमच्या मराठी मंडळ्यांस परके नाही. १८१३ साली गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी मुंबईस उतरले. त्यांस पाठविणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे कार्यालय कैक वर्षे याच शहरी होते. तेव्हा ज्या भूमीतून आमच्या कित्येक मंडळ्यांस प्रथम सुवार्ता आली, त्या भूमीत हॉलसाहेबांच्याही शंभर वर्षे अगोदर प्रभुवारी लोक कसे गात होते, हे पाहणे आमच्या वाचकांस रुचेल अशी आम्हांस आशा आहे.

सॅम्युएल स्यूअल यांचा जन्म २८ मार्च १६५२ रोजी इंग्लंडातील हॅम्पशर परगण्यात बिशपस्टोक येथे झाला. वयाच्या नवव्या वर्षी, १६६१ साली, तो आईबरोबर समुद्र ओलांडून मॅसॅच्युसेट्स वसाहतीत आला व न्यूबरी गावी वाढला. पुढे हार्वर्ड कॉलेजात शिकून १६७१ साली तो पदवीधर झाला. आरंभी धर्मोपदेशक व्हावे असा त्याचा विचार होता, पण १६७६ साली वसाहतीच्या टांकसाळीचे मुख्य जॉन हल यांची कन्या हॅना हिच्याशी त्याचा विवाह झाला, आणि सासऱ्याचा व्यापार व संसाराचा व्याप यांत तो विचार मागे पडला. हल हे मोठे श्रीमंत होते. मुलीच्या वजनाइतकी नाणी तागडीत घालून त्यांनी जावयास दिली अशी एक गोष्ट पुढे लोकांनी रचली. ती खरी धरण्याचे कारण नाही, परंतु तिच्यावरून हल यांच्या संपत्तीविषयी लोकांची काय समजूत होती ते कळते. या दांपत्यास चौदा लेकरे झाली, आणि त्यांतील बहुतेक आईबापांच्या डोळ्यांदेखत गेली.

१६७७ साली स्यूअल बोस्टनच्या तिसऱ्या मंडळीत, जिला साउथ चर्च म्हणत, सभासद झाले. मरेपर्यंत त्यांची मंडळी हीच. त्यांनी काही वर्षे छापखाना चालविला, वसाहतीच्या राज्यसभेत काम केले, आणि १६९२ पासून ते वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश झाले. या सर्व काळात ते रोजनिशी लिहीत. १६७४ पासून १७२९ पर्यंतची ही रोजनिशी, मधली काही वर्षे वगळता, शिल्लक आहे, व १८७८ ते १८८२ या काळात मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासमंडळाने ती तीन भागांत छापून काढली. आम्ही पुढे जे सांगणार आहो त्यातील बहुतेक त्यांनी स्वतःच लिहून ठेविलेले आहे. दुसऱ्या कोणी ते लिहिले असते तर निंदा वाटली असती.

आता त्या मंडळीतील गायनाविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत, नाही तर पुढची हकिकत समजावयाची नाही. त्या काळच्या प्युरिटन मंडळ्यांत मंदिरात कोणतेही वाद्य वाजवीत नसत. पेटी नाही, ऑर्गन नाही, ताल धरावयास काही नाही. टॉमस ब्रॅटल नावाच्या एका धनिकाने १७१३ साली मृत्युपत्र करून आपला ऑर्गन बोस्टनच्या एका मंडळीस देऊ केला, तेव्हा त्या मंडळीने आभार मानून तो नाकारला. गात ते दाविदाची स्तोत्रेच. यासाठी वसाहतीतील पाळकांनी सर्व स्तोत्रे इंग्रजी पद्यात बसविली होती, व १६४० साली ते पुस्तक केंब्रिज गावी छापले होते. उत्तर अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींत छापलेले हे पहिलेच पुस्तक होय. परंतु त्यात शब्द तेवढे होते, सूर नव्हते. १६९८ च्या आवृत्तीत प्रथम तेरा चाली शेवटी छापल्या गेल्या. तोवर, आणि त्यानंतरही पुष्कळ ठिकाणी, चाली तोंडपाठ असत, बापाकडून मुलाकडे येत, आणि येता येता झिजत किंवा फुगत. पुष्कळ मंडळ्यांत तर पुस्तकेही पुरेशी नव्हती. म्हणून एकाने एक ओळ वाचावी, मग सर्वांनी ती गावी, मग त्याने दुसरी ओळ वाचावी, असा क्रम पडला होता. ही रीत निरक्षरांच्या सोयीसाठी होती व तीत दोष काढावयाचा नाही. आमच्याकडेही ती पुष्कळ वर्षे उपयोगी पडली आहे. पण तिने गाण्याचे तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्यानंतर मागचा सूर कोणता होता हे निम्मे लोक विसरतात.

चालींस गावांची किंवा संतांची नावे असत: यॉर्क, विंझर, लिचफील्ड, सेंट डेव्हिड्स. यांतील पुष्कळ चाली एकाच मापाच्या. ओळीतील अक्षरांचा हिशेब सारखाच, म्हणून एकच स्तोत्र यॉर्कवरही बसते व सेंट डेव्हिड्सवरही. येथेच धोका आहे. आपल्याकडेही एका वृत्ताची दोन गीते असली, तर गाता गाता पहिल्या चालीतून दुसऱ्या चालीत घसरणे किती सोपे असते हे ज्यांनी गीत धरले आहे ते जाणतात. मंडळी आठ अक्षरे यॉर्कची म्हणते, सहा म्हणते, आणि पुढच्या वळणावर कोणी मोठ्या आवाजाचा मनुष्य सवयीने दुसरीकडे वळतो, की सारा कळप त्याच्यामागे.

रॉक्सबरीचे तरुण पाळक टॉमस वॉल्टर यांनी १७२१ साली गायनशिक्षणाचे पुस्तक काढले, त्यात या जुन्या गायनाचे वर्णन आहे. एकच चाल शेजारच्या दोन गावांत इतकी निराळी झाली होती की ती ओळखू येत नसे. एकाच मंदिरात कोणी पुढे, कोणी मागे, आणि जो तो आपल्या मर्जीचे हेलकावे मध्ये घालीत असे. गाणे इतके संथ की एकच सूर संपण्यापूर्वी आपणास दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला, असे त्यांनी आपल्या अनुभवाने लिहिले आहे. वॉल्टर तरुण होते आणि नव्या रीतीचा पुरस्कार करीत होते, तेव्हा थोडी अतिशयोक्ती त्यांच्या हातून झाली असेल. परंतु स्यूअल यांची रोजनिशी वाचली असता मुख्य गोष्ट खोटी वाटत नाही.

अशा गायनास पुढारी हवा. वाद्य नाही, पुस्तकात सूर नाहीत, तेव्हा एका मनुष्याने मनात चाल आठवावयाची, तिचा पहिला सूर अदमासाने काढावयाचा, आणि शेकडो लोकांस त्यावर ओढून न्यावयाचे. साउथ चर्चात हे काम सुमारे १६९४ पासून स्यूअल यांजकडे आले. त्यांस गाण्याची मनापासून आवड होती. घरी कुटुंबासह ते स्तोत्रे गात, मित्राच्या घरी गेले तर तेथेही गात. मंदिरात वाद्य नसले तरी घरी पत्नीचे तारांचे वाद्य होते, व ते दुरुस्तीस टाकले असता त्याची चौकशी करावयास न्यायाधीशसाहेब स्वतः कारागिराकडे जात. १७०१ च्या पहिल्या दिवशी नवे शतक उजाडले, तेव्हा पहाटे बोस्टनच्या मैदानावर चार तुतारीवाले तुताऱ्या फुंकीत होते, व स्यूअल यांनी या प्रसंगासाठी स्वतः रचलेल्या कविता शहराचा दवंडीवाला म्हणत गेला. असा हा हौशी मनुष्य.

परंतु स्यूअल यांचे नाव जगास ठाऊक आहे ते गाण्यामुळे नव्हे. १६९२ साली सेलम गावात चेटकाचे वेड पसरले. काही मुलींस झटके येऊ लागले, व अमक्याने तमकीने आमच्यावर चेटूक केले असे त्या सांगू लागल्या. गव्हर्नराने खास न्यायालय नेमले, व त्याच्या नऊ न्यायाधीशांत स्यूअल हे एक होते. आरोपीची छाया येऊन आपणास छळते, असे पीडित मुलीने म्हटले की तो पुरावा झाला. या पुराव्यावर त्या उन्हाळ्यात व शरदात एकोणीस माणसे फासावर चढविली गेली, आणि एका म्हाताऱ्याने आरोपास उत्तर देण्याचे नाकारले म्हणून त्यास अंगावर दगड रचून मारले. त्यानंतर वसाहत शुद्धीवर आली. न्यायालय मोडले. पण न्यायाधीश आपापल्या मानाच्या जागी राहिले, आणि त्यांच्यातील मुख्य जो विल्यम स्टॉटन, त्याने आपली चूक कधीही कबूल केली नाही.

स्यूअल यांच्या घरी मात्र मृत्यू पुन्हा पुन्हा येऊ लागला. १६९६ च्या मे महिन्यात एक मुलगा मृतच जन्मला. डिसेंबरात दोन वर्षांची सारा गेली. तिचे प्रेत घरात असता दुसऱ्या दिवशी मोठा मुलगा सॅम्युएल बापास मत्तयाचा बारावा अध्याय लॅटिनमध्ये म्हणून दाखवीत होता, आणि त्यात ते वचन आले, जेथे प्रभू परूश्यांस म्हणतो की यज्ञापेक्षा दया हवी याचा अर्थ तुम्हांस कळला असता, तर तुम्ही निर्दोष्यांस दोषी ठरविले नसते. मुलाने पाठ म्हटला, आणि बापास सेलम आठवले.

तीन आठवड्यांनी, १४ जानेवारी १६९७ रोजी, सरकारने सर्व वसाहतीत उपासाचा दिवस पाळावयास सांगितले होते. पाळक सॅम्युएल विलर्ड व्यासपीठाकडे जात असता स्यूअल यांनी एक कागद त्यांच्या हाती दिला. पाळक तो वाचू लागताच न्यायाधीश आपल्या जागी उभे राहिले. देवाचे तडाखे मजवर व माझ्या कुटुंबावर वारंवार पडत आहेत हे मी जाणतो. त्या न्यायालयाच्या कामातील दोषाचा व लाजेचा वाटा मी आपणावर घेतो. माणसांनी मला क्षमा करावी, आणि देवाने माझ्या पापाचे फळ माझ्या घरावर किंवा देशावर आणू नये, अशी मंडळीने प्रार्थना करावी. असा त्या कागदाचा भाव होता. वाचन संपेपर्यंत ते उभे होते, आणि संपल्यावर त्यांनी मस्तक लवविले. त्या नऊ न्यायाधीशांत असे उघड उभे राहणारे ते एकटेच. त्यांनी पुढे आयुष्यभर दर वर्षी या पापासाठी एक दिवस उपास पाळला असेही सांगतात. आणि १७०० साली, जेव्हा बोस्टनचे प्रतिष्ठित लोक आफ्रिकेतील माणसे बिनदिक्कत विकत घेत होते, तेव्हा योसेफास त्याच्या भावांनी विकले त्या कथेच्या आधारे त्यांनी गुलामगिरीविरुद्ध एक लहानसे पत्रक छापले. न्यू इंग्लंडात या विषयावर छापलेले ते पहिलेच. ते फारसे कोणी ऐकले नाही.

हे सर्व आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगितले, कारण ज्या मंदिरात स्यूअल मान लववून उभे राहिले, त्याच मंदिरात प्रभुवारी ते उभे राहून चाल धरीत. ज्यांनी त्यांचा कबुलीजबाब ऐकला तेच लोक त्यांच्यामागे गात.

आणि ती चाल पुष्कळदा बिघडे. १७०५ च्या डिसेंबरात एका उपासनेत पाळकाने त्यांस चाल धरावयास सांगितली. विंझर धरावी असे त्यांच्या मनात होते, पण तोंडातून निघाली भलतीच. ती सोडून त्यांनी दुसरी धरू पाहिली, तर सूर इतका वर गेला की तेथवर कोणाचाच गळा पोहोचेना. शेवटी त्यांनी शेजारच्या व्हाइट नावाच्या गृहस्थांस विनविले, आणि त्यांनी लिचफील्ड नीट धरून उपासना सावरली. रात्री रोजनिशीत स्यूअल यांनी हा प्रसंग लिहिला, व देवाच्या उपासनेत आपणामुळे खंड पडला याबद्दल देवाने आपणास नम्र करावे व शिकवावे अशी प्रार्थना जोडली. तेव्हा ते वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश व राज्यसभेचे सभासद होते. १७१३ च्या जुलैत पुन्हा असेच झाले: एक चाल धरू गेले, साधली नाही, पुन्हा धरू गेले, तो एकशे एकोणिसाव्या स्तोत्राच्या चालीत जाऊन पडले.

येथे आमच्या कित्येक वाचकांच्या मनात येईल की मग त्यांनी १७०५ सालीच ते काम का सोडले नाही? आम्हांसही ते कोडे वाटते. ज्या मनुष्याने एकोणीस फाशींचा दोष भर मंडळीत कबूल केला, त्यास आपला गळा गेला हे कबूल करावयास आणखी बारा वर्षे लागली. आमच्या मते याचे कारण गर्व नव्हे, निदान केवळ गर्व नव्हे. जे काम मनुष्य प्रीतीने करतो त्यातील उणीव त्यास प्रत्येक वेळी अपवाद वाटते. आज सर्दी होती, आज स्तोत्र लांब होते, पुढच्या वेळी साधेल. शिवाय मंडळीतील कोणी एक शब्द काढीत नसे. न्यायाधीशाच्या सुराविषयी कोण बोलणार?

बोलली ती वरच्या सज्ज्यातील मंडळी, आणि तीही शब्दांनी नव्हे. १७१८ च्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या तारखेस प्रभुवारी सकाळी स्यूअल यांनी यॉर्क धरली. पहिले कडवे ठीक गेले. दुसऱ्यात सज्ज्यातून सेंट डेव्हिड्सचा सूर इतक्या जोराने आला की खालची सर्व मंडळी त्यात वाहून गेली. थांबविणे कोणाच्याही हाती नव्हते. ते फार खिन्न झाले. तीन आठवड्यांनी, २३ तारखेस, त्यांनी पुन्हा यॉर्कच धरली, आणि पुन्हा दुसऱ्याच कडव्यात मंडळी सेंट डेव्हिड्समध्ये गेली. या वेळी त्यांनी बारीक कान दिला होता. पहिल्या कडव्याच्या शेवटच्या ओळीपासूनच ती घसरू लागली होती असे त्यांस वाटले.

सामान्य मनुष्य येथे सज्ज्यातील पोरांवर रागावला असता. न्यायाधीशास ते अवघडही नव्हते. मंदिरात गोंधळ करणाऱ्यांस त्या काळी शिक्षा होत असे. स्यूअल यांनी ही दुसरी खूण मानली. चोवीस वर्षे देवाने आपणास सहन करून घेऊन हे काम करू दिले, आता आवाज क्षीण झाला आहे, आणि अधिक चांगल्या गळ्याच्या मनुष्यास जागा द्यावी असे देव सुचवीत आहे, असा त्यांनी त्याचा अर्थ केला. दुपारच्या उपासनेत चाल धरण्यास त्यांनी व्हाइट यांस कळकळीने विनविले. व्हाइट यांनी नाही म्हटले.

उपासना आटोपल्यावर ते पाळकांकडे गेले. १७१३ पासून त्या मंडळीचे पाळक त्यांचेच पुत्र जोसेफ स्यूअल होते, आणि त्या वेळी त्यांच्याजवळ टॉमस प्रिन्स होते, जे त्याच वर्षी पुढे जोडीचे पाळक झाले. पासष्ट वर्षांचा बाप मुलापुढे उभा राहून म्हणतो की माझ्याकडून हे काम आता होत नाही, ते काढून घ्यावे. पुत्राच्या मनात काय आले ते लिहिलेले नाही. प्रिन्स मात्र म्हणाले की आणखी सहा वर्षे आपणच करावे. सभ्य मनुष्याने म्हणावे तसे ते म्हणाले, आणि अशा सभ्यतेनेच जगातील निम्मे वाईट गायन चालू राहते असे आम्हांस वाटते. स्यूअल यांनी ऐकले नाही. व्हाइट किंवा फ्रँक्लिन यांपैकी कोणीही हे चांगले करील, आणि फ्रँक्लिन सज्ज्याच्या ज्या वळणावर बसतात ती जागा तर या कामास फार सोयीची आहे, असे त्यांनी निक्षून सांगितले.

हे फ्रँक्लिन म्हणजे मेणबत्त्या व साबण करणारे जोसायाह फ्रँक्लिन. त्यांचा आवाज स्वच्छ व गोड होता, आणि दिवसाचे काम आटोपल्यावर ते घरी व्हायोलिनवर स्तोत्रांच्या चाली वाजवून गात. हे त्यांच्या मुलाने म्हातारपणी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेविले आहे. १७१८ साली तो मुलगा बारा वर्षांचा होता. त्याचे नाव बेंजामिन फ्रँक्लिन. वरिष्ठ न्यायाधीशाने आपल्या मानाच्या जागेसाठी साबणवाल्याचे नाव पुढे करावे ही गोष्ट लहान नाही, मग तो साबणवाला कोणाचाही बाप असो.

पुढच्या प्रभुवारी, २ मार्च रोजी, स्यूअल यांनी व्हाइट यांस सांगितले की पाळकांची इच्छा आहे, आज तुम्हीच चाल धरावी. व्हाइट यांनी पुन्हा अंग काढले. सर्दी झाल्यासारखे दाखविले. गीत धरणाऱ्यांची सर्दी सर्व देशांत सारखीच असावी. पाळकांनी स्तोत्र सांगितले. मंडळी वाट पाहत होती. चोवीस वर्षे ज्या क्षणी स्यूअल तोंड उघडीत, तो क्षण आला, आणि त्यांनी तोंड उघडले नाही. ते उठले, व्हाइट यांच्याकडे वळले, आणि तसेच उभे राहिले.

व्हाइट यांनी यॉर्क धरली. तीच यॉर्क, जी दोनदा हातची गेली होती. सूर बरोबर होता, आणि मंडळी तीतून शेवटपर्यंत ढळली नाही. उपासनेनंतर स्यूअल यांनी व्हाइट यांचे आभार मानले की तुम्ही यॉर्कच्या चालीस तिच्या जागी मोठ्या अधिकाराने व मानाने पुन्हा बसविले. आणि रोजनिशीत लिहिले की आपण जागा सोडली हे मंडळीच्या हिताचे झाले, हे आपण आज डोळ्यांनी पाहिले.

त्याच वर्षी ते वसाहतीचे मुख्य न्यायाधीश झाले, व १७२८ पर्यंत त्या जागी होते. हॅनाबाई १७१७ साली वारल्या होत्या. पुढे त्यांनी दुसरे लग्न केले, ती पत्नीही काही महिन्यांतच वारली. मग विंथ्रॉप नावाच्या एका प्रतिष्ठित विधवाबाईंस त्यांनी मागणी घातली, पण त्यांनी केसांचा टोप घालावा व गाडी ठेवावी अशी बाईंची इच्छा होती. टोपाविरुद्ध स्यूअल जन्मभर बोलत आले होते. ते लग्न जमले नाही. १७२२ साली त्यांनी दुसऱ्या एका बाईंशी विवाह केला.

याच सुमारास बोस्टनच्या आसपास मंडळ्यांत मोठी खळबळ उडाली होती. वॉल्टर, त्यांचे मामा कॉटन मेदर व इतर पाळक म्हणू लागले की तरुणांस सूर वाचावयास शिकवावे, म्हणजे सर्व मंडळी एक चाल एकाच रीतीने गाईल. जुन्या लोकांनी फार विरोध केला. ही रोमन लोकांची रीत आहे. हिने पैसे काढण्याचा डाव आहे. शिकण्याच्या निमित्ताने तरुण मुलेमुली रात्री घराबाहेर राहतील. आमचे बाप असेच गात स्वर्गास गेले, मग आम्हांस नवे शिक्षण कशास. अशी त्यांची कारणे त्या काळच्या पुस्तकांत नमूद आहेत. काही गावांत यावरून मंडळीत तट पडले. हा वाद ऐकल्यासारखा वाटतो असे ज्या वाचकांस वाटेल, त्यांच्या गावाचे नाव आम्ही विचारणार नाही.

स्यूअल जुने लोक होते. केसांचा टोप त्यांस खपला नाही, नाताळचा सण खपला नाही. तेव्हा नवे गायनही त्यांस खपू नये असेच कोणासही वाटेल. परंतु १६ मार्च १७२१ च्या रात्री शाळेच्या घरात गायन शिकणाऱ्या तरुणांची सभा भरली, व मेदर यांनी प्रकटीकरणाच्या चौदाव्या अध्यायातील नव्या गीताच्या वचनावर उपदेश केला, तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होत आलेले मुख्य न्यायाधीश त्या गर्दीत हजर होते. घर माणसांनी भरून गेले होते. घरी येऊन त्यांनी लिहिले की असे उत्तम गायन बोस्टनात पूर्वी क्वचितच ऐकू आले असेल. पूर्वीची ती चोवीस वर्षे त्यांची स्वतःची होती, हे लिहिताना त्यांच्या ध्यानात आले असलेच पाहिजे.

१ जानेवारी १७३० रोजी ते बोस्टन येथे वारले, व ग्रॅनरी नावाच्या स्मशानभूमीत त्यांस पुरले. साउथ चर्चाचे ते जुने लाकडी मंदिर, जेथे कबुलीजबाबाचा कागद वाचला गेला आणि जेथे यॉर्क बिघडली व पुन्हा सावरली, ते आदल्या वर्षीच पाडले होते, व त्याच जागी विटांचे नवे मंदिर उठत होते. ती इमारत अजून उभी आहे. तीत उपासना सुरू झाली ती स्यूअल यांच्या मृत्यूनंतर चार महिन्यांनी, आणि पाळक त्यांचे पुत्र जोसेफ हेच होते.